ऑक्सिजन मोजण्याआधी तापमान सांभाळ

निपाणी

चि. सोनू,

पॉलिमरच्या फिल्ममधून ऑक्सिजन किती वेगानं शिरतो आणि तापमानानं तो वेग कसा बदलतो, हा तुझा प्रोजेक्टचा विषय आईकडून कळला. विषय चांगला घेतलास. बेळगावचा कुंदा किंवा चिवडा खवट होण्यात पाकिटाच्या आत गेलेल्या ऑक्सिजनचा मोठा वाटा असतो. थंडगार प्रयोगशाळेत काढलेला आकडा एप्रिलमध्ये एसटीच्या टपावर तापणाऱ्या पाकिटाला लागू पडत नाही, हे आधी मनात पक्कं कर.

पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. फिल्मच्या एका बाजूला ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला निर्वात. पलीकडचा दाब आधी रेंगाळत आणि मग सरळ रेषेत वाढतो. ती रेषा मागं वेळेच्या अक्षापर्यंत वाढवली की विलंबकाळ मिळतो. जाडीच्या वर्गाला विलंबकाळाच्या सहापटीनं भागलं की आला विसरण गुणांक. जाडीचा वर्ग येतो, म्हणून जाडीत 5 टक्के चूक झाली तर उत्तरात 10 टक्के होते. मायक्रोमीटर फिल्मवर बऱ्याच जागी लावून बघ.

तापमानाचंही तसंच. सक्रियण ऊर्जा मोलमागं 40 किलोज्यूल धरली, तर 20 वरून 40 अंशांवर गेल्यावर विसरण जवळजवळ तिप्पट होतं. 30 अंशांच्या आसपास एका अंशाची चूक म्हणजे उत्तरात 5 टक्के चूक. तेव्हा खोलीचं नको, फिल्मजवळचं तापमान मोज, आणि ते स्थिर झाल्याशिवाय ऑक्सिजन सोडू नकोस.

आणखी एक. आरपार जाणारा ऑक्सिजन म्हणजे विसरण आणि विद्राव्यता यांचा गुणाकार. दोन्हींवर तापमानाचा परिणाम सारखा नसतो, म्हणून दोन्ही वेगळे काढ.

तुझ्याच कर्नाटक विद्यापीठात प्रा. तेजराज अमिनभावी यांनी पॉलिमरच्या पडद्यांत द्रव कसे शिरतात याचं मोजमाप वर्षानुवर्षं केलं, तेही वेगवेगळ्या तापमानांना. त्यांचे पेपर काढून वाच.

विसरण गुणांकाचा लॉग आणि केल्विन तापमानाचा व्यस्त यांचा आलेख दोनच तापमानांवरून काढू नकोस. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच सरळ जाते. निदान पाच-सहा तापमानं घे. एखादा बिंदू रेषेत बसला नाही तर लगेच खोडू नकोस. बाटल्यांचं पीईटी 75 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि तिथं रेषेचा उतारच बदलतो. न बसणारा आकडाही वहीत शाईनं लिही, पुन्हा मोज, आणि मगच सरांना दाखव.

तुझा,
मामा