बंपर मूळचाच राहू द्या

शंका : माझी थार 2021 सालची आहे. आमच्या तळवलीजवळ एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर जाड लोखंडी बंपर बनवून त्यातच विंच बसवून देतो म्हणतो. बंपर भक्कम असला की अपघातातही आपण वाचतो, असं तो सांगतो. करून घेऊ का?

समाधान : विंच जरूर घ्या, हा बंपर मात्र नको. गाडीचं नाक धडकेत चुरगळावं, अशीच त्याची रचना असते. त्या चुरगळण्यात धक्का जिरतो आणि गाडी किती झपाट्याने थांबतेय, हे पाहून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. चासीला थेट जोडलेला लोखंडी अडसर पुढे आला की हा सगळा हिशेब चुकतो. एअरबॅग उशिरा उघडेल, किंवा नको तेव्हा उघडेल. शिवाय ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादा पादचारी किंवा दुचाकीस्वार आडवा आला, तर प्लास्टिकचा बंपर थोडा तरी दबतो, लोखंड दबत नाही. बुल बार आणि क्रॅश गार्ड हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं उल्लंघन असल्याचं सांगून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं.

मूळ बंपरच्या आत, चासीच्या टोकांना बोल्टने आवळली जाणारी विंच प्लेट बघा. चिखलात रुतलेल्या गाडीचा सगळा ताण त्या चार-सहा बोल्टांवर येतो. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. तो 8.8 किंवा त्याहून वरचा हवा. कोरं डोकं असेल तर तो बोल्ट परत करा. चासीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं साफ नाकारा. प्लेट लावणं हाही गाडीतला बदलच आहे, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

शंका : विंच किती ताकदीची घ्यावी? आणि दोर स्टीलचा की सिंथेटिक?

समाधान : माणसं आणि सामानासकट गाडीचं जे वजन, त्याच्या निदान दीडपट. भरलेली गाडी 2300 किलोची धरली, तर 3450 किलो लागतात. 8000 पौंडांची विंच म्हणजे सुमारे 3630 किलो, जेमतेम पुरेल. मी 9500 पौंडांची (सुमारे 4300 किलो) घ्यायला सांगेन. कारण हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. वर थर चढत गेले की ओढ कमी होते आणि चौथ्या थरावर जवळपास तिसरा हिस्सा जातो. म्हणून दोर अडकवायला झाड अगदी जवळचं धरू नका, लांबचं धरा. ते जमत नसेल तर पुली लावून दोर परत गाडीकडे आणा, ओढ जवळजवळ दुप्पट होते.

दोर सिंथेटिकच घ्या. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत स्टीलला गंज धरतो, त्याच्या तुटक्या तारा हातात घुसतात, आणि ताणात तुटला तर तो फार जोरात उसळतो. सिंथेटिकला ऊन आणि वाळू मानवत नाही, म्हणून कव्हर ठेवा आणि पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने धुवा. नवा दोर ताणाखाली गुंडाळणं फार महत्त्वाचं आहे. हलक्या चढावर दोर झाडाला गुंडाळलेल्या पट्ट्याला अडकवा. ड्रमवर दहा वेटोळी राहतील इतका सोडा. मग एकाने ब्रेक किंचित दाबून धरायचा आणि दुसऱ्याने विंच चालवत गाडी सावकाश वर घ्यायची. तसं केलं नाही, तर पहिल्याच खऱ्या ओढीत वरचा सैल थर खालच्या थरांत रुततो.

पूर्ण ताणात विंच 400 अँपिअरपर्यंत वीज खाते. तेव्हा तारा थेट बॅटरीला जोडा, मध्ये आयसोलेटर स्विच हवाच. इंजिन चालू ठेवा आणि अधूनमधून मोटर थंड होऊ द्या.

शंका : घाटात गाडी काढताना बघ्यांची गर्दी जमते. काय करावं?

समाधान : विंच सुरू करण्याआधी सगळ्यांना हटवा. सोडलेल्या दोराच्या लांबीपेक्षा जवळ कुणीही नको, लहान मुलं तर मुळीच नको. दोरावर मध्यभागी जड चादर किंवा भिजलेलं पोतं टाका, हातात चामडी मोजे घाला आणि ताणलेला दोर ओलांडू नका. सूचना देणारा माणूस एकच ठेवा. गर्दी हटत नसेल तर रिमोट खाली ठेवून ती हटेपर्यंत थांबा.