गरिबाची मेंढी व बाटलीवरचे कोकरू

पाठ : २ शमुवेल १२:१-६

हा पाठ मंडळीत घेताना आपण बहुधा दाविदाच्या पापाकडे धाव घेतो. नाथानाने गोष्ट सांगितली, राजा संतापला आणि संदेष्ट्याचे बोट त्याच्याचकडे वळले, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु ज्या मेंढीवर ही सारी गोष्ट उभी आहे, तिच्यापाशी थांबून पाहणारा उपदेशक विरळा. ती गरिबाने विकत घेऊन वाढविली होती. तिच्या आईचा किंवा कळपाचा तेथे उल्लेख नाही. ती धन्याचे अन्न खाई, त्याच्या प्याल्यातून पिई व त्याच्या उराशी निजे. शहरातील श्रोत्यांस ही केवळ कविकल्पना वाटेल. ज्याने पोरके कोकरू हाताने वाढविले आहे, त्यास मात्र आपल्याच ओसरीची आठवण होते.

आमचे मालेगाव नाशिककडचे नव्हे, वाशिम जिल्ह्यातील. सोयाबीन निघाले म्हणजे आमच्याकडे धनगरांचे कळप रानात बसतात. शेताला खत मिळते, मेंढ्यांना चारा मिळतो. कळप पुढे निघाला की एखादे दुबळे कोकरू गावात मागे राहते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका विधवा भगिनीस असेच एक कोकरू मिळाले. तिने ते शेळीच्या दुधावर अडीच महिन्यांचे केले. एके दिवशी तिच्या घरी पाहुणे होते. उरलेला भात व भाकरीचे कुटके कोकराने पोटभर खाल्ले, आणि आम्हीही आमच्या ताटातील घास त्यास कौतुकाने दिले. संध्याकाळी त्याची डावी कूस फुगली. ते दात खाऊ लागले, आंबट वासाची पातळ हगवण लागली, आणि रात्री त्यास उभेही राहवेना. आम्ही प्रार्थना केली. पहाटे ते मेले. प्रार्थना केली ह्याचा आम्हांस खेद नाही. दवाखान्यास कळविले नाही ह्याचा आहे. ती भगिनी एवढेच म्हणाली, “मी त त्याले माह्या ताटातलंच देलं, पास्तर साहेब.”

तिचे प्रेम कमी नव्हते. मेंढीच्या पोटाची रचनाच आम्हां दोघांस ठाऊक नव्हती. मेंढीस पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जंतू चारा आंबवून पचवितात. तेथे भात, भाकरी अथवा दाणा एकदम पडला की अतिशय आम्ल तयार होते, ते जंतू मरतात व रक्तही बिघडते. ज्या घासाने आपले पोट भरते, तोच कोकराचा जीव घेऊ शकतो. नाथानाच्या गोष्टीतील मेंढी धन्याच्या घासावर जगली. आपण मात्र तो घास आपल्या कोकरास घालू नये. त्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला व स्वच्छ पाणी जवळ ठेवावे. पुढे तुरीचे कुटार द्यावे, आणि दाणा वाढवावयाचा तर चिमटीचिमटीने, कित्येक दिवसांत.

पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा. मेंढीच्या उदरात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती कोकरास मिळत नाही. ती चिकातून मिळते, आणि आतड्यातून ती शोषून घेण्याचे दार सुमारे चोवीस तासांत बंद होते. म्हणून आई मेली असल्यास दुसऱ्या नुकत्याच व्यालेल्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक मागून आणावा. तोही न मिळाल्यास गाईचा. तीन किलोच्या कोकरास पहिल्या दोन तासांत सुमारे दीडशे मिलिलिटर व दिवसभरात सहाशेपर्यंत चीक लागतो. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. ती तशीच मातीत लोळली तर काही दिवसांनी गुडघे सुजतात आणि कोकरू लंगडू लागते. त्यास लोक मुरगळले म्हणतात, आणि औषधाचा काळ निघून जातो.

दुधात पाणी घालण्याची चाल आमच्याकडे फार आहे. मेंढीचे दूध गाईच्या दुधाहून पुष्कळ दाट व स्निग्ध असते, तेव्हा गाईचे दूध आणखी पातळ करणे म्हणजे कोकरास उपाशी ठेवणेच होय. दूध अंगाइतके कोमट करून, थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा, रबरी बोंडीच्या बाटलीने द्यावे. कोकरू चारी पायांवर उभे असावे. त्याने स्वतः चोखले म्हणजे दूध पहिला कप्पा टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. मान वर करून घशात ओतले तर ते फुफ्फुसात जाते. दोन दिवसांनी खोकला व ताप येतो. गारठून लुळ्या पडलेल्या कोकरास तर प्रथम ऊब द्यावी, चोखण्याची शक्ती आल्यावरच दूध. निरोगी कोकराची उष्णता १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते, म्हणून आपल्या हातास गरम लागणे हा ताप नव्हे.

गाईम्हशींसाठी मिळणारे क्षारमिश्रण कोकरास घालू नये. त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साठून तिला विषासारखे बाधते.

जुळी झाली म्हणजेही एक कोकरू कित्येकदा बाटलीवर येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. गरिबास हा मोठा लाभ आहे, परंतु जुळ्यांचा लाभ हवा असेल त्याने दुधाची तरतूद आधी करावी.

आंत्रविषार व पीपीआर ह्यांच्या लसी पशुवैद्यास विचारून वेळेवर टोचाव्या. आंत्रविषारात सकाळी उड्या मारणारे कोकरू संध्याकाळपर्यंत मरते, आणि गावात करणीची चर्चा सुरू होते. अशा वेळी ख्रिस्ती घराने शेजाऱ्यांस लसीची गोष्ट सांगावी. तीही साक्षच आहे. हगवण लागल्यास दूध अगदी बंद न करता मधल्या वेळी मीठ-साखरेचे पाणी द्यावे. शेणात रक्त दिसले किंवा कोकरू चोखेनासे झाले तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नये.

दाविदाने चौपट भरपाईचा निवाडा दिला, आणि तो मोशेच्या नियमशास्त्रास धरूनच होता. परंतु त्या गरिबास त्याची मेंढी परत मिळाल्याचे गोष्टीत कोठेही नाही. पुढच्या वेळी हा पाठ घेताना उपदेशक बंधूंनी मंडळीस येथे थोडा वेळ थांबू द्यावे. ज्या घरात एकच जनावर असते, त्या घरात ते गेल्यावर चुलीपाशी काय होते, हे आपल्या बायाबापड्यांस शिकवावे लागत नाही. ते त्यांनाच बोलू द्यावे.

ह्या वर्षी त्या भगिनीच्या घरी पुन्हा एक कोकरू आहे. ते शेजारच्या शेळ्यांबरोबर चरावयास जाते. माणसांतच वाढलेला नर पुढे माणसांस भीत नाही व शिंगे रोखून धावतो, म्हणून कळपाची सवय बरी. प्रार्थनामंदिराच्या दारावर आम्ही फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक खडूने लिहिला आहे. पावसाने तो पुसतो, आणि दर रविवारी शब्बाथ शाळेची मुले तो पुन्हा लिहितात.