'आझाद व्हिसा' असा व्हिसाच नसतो

आमच्या सुरतच्या लिंबायतच्या गल्लीत घरात अहिराणी चालते, बाजारात गुजराती, खात्यावर, म्हणजे कारखान्यात, हिंदी आणि पोरं जातात महापालिकेच्या मराठी शाळेत. या चार भाषांत आम्हाला सहजासहजी कुणी गुंडाळू शकत नाही. पगारातून दोनशे रुपये जास्त कापले, तर शेठला त्याच्याच गुजरातीत सुनावणारे कारीगर आमच्याकडे ढीगभर आहेत. परदेशचा कागद मात्र इंग्रजीत येतो. मग आपण कागदाकडे न बघता एजंटाच्या तोंडाकडे बघत बसतो.

मी नववीतून शाळा सोडली आणि एम्ब्रॉयडरी मशिनवर लागलो. मार्केटात मंदी आली, मशिनं एका पाळीवर आली, तेव्हा दाजींच्या ओळखीतला एक एजंट घरी येऊन बसला. शारजाला अबाया शिवणारा कारखाना, राहणं-जेवण मालकाचं, पगार इथल्या दुप्पट. "आणि व्हिसा आझाद आहे भाऊ, कुठंही काम कर." ऐंशी हजार मागितले. बायकोची पोत गहाण पडली. पावती मागितली तर म्हणाला, "घरच्या माणसात पावती कसली?"

व्हिसा निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आला. त्यावर 'टुरिस्ट' लिहिलेलं होतं. मी विचारलं. तो म्हणाला, "तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट होतो." सोबत हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीटही पाठवलं होतं. काउंटरवर 'पर्पज ऑफ व्हिजिट' विचारलं तर 'टुरिझम' म्हणायचं, एवढंच बोलायचं, जास्त तोंड उघडायचं नाही, अशी शिकवणीही झाली. उधन्याहून मुंबईपर्यंत मी गाडीत तेच घोकत गेलो.

कामाला चाललेल्या माणसाला 'फिरायला चाललोय' म्हणायला का लावतात, हे मला नंतर कळलं. माझ्या पासपोर्टच्या आतल्या पानावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं छापलेलं होतं. लोक त्याला ईसीआर म्हणतात. दहावी पास नसलेल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर ते येतं. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे असा पासपोर्टवाला आखाती देश, मलेशिया, थायलंड धरून १८ देशांत नोकरीला निघाला, तर त्याला सरकारच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी लागते. मंजुरीसाठी करार दाखवावा लागतो, मालक कोण, पगार किती, हे सगळं नोंदवावं लागतं. फिरायला जाणाऱ्याला यातलं काही लागत नाही. म्हणजे आपल्या रक्षणासाठी जी चौकट आहे, तिच्या बाहेर आपल्याला आपल्याच तोंडून काढलं जातं. एजंटाची सगळी कमाई त्या एका 'टुरिझम' शब्दावर उभी असते.

शारजात काम खरंच होतं, नाही असं नाही. मशिनही चांगलं होतं. पण पगाराची तारीख आली तेव्हा मालक म्हणाला, "पुढच्या महिन्यात." पासपोर्ट त्याने पहिल्याच दिवशी 'ऑफिसात ठेवतो' म्हणून घेतला होता. कामगार खात्यात जाऊ का, असं शेजारच्या खाटेवरच्या केरळच्या चाचांना विचारलं. त्यांनी माझा व्हिसा बघितला आणि हात जोडले. त्या देशात, म्हणजे अमिरातीत, टुरिस्ट व्हिसावर काम करणं हाच गुन्हा आहे, मग तक्रार करायला जाणार कोण? मुदत संपल्यावर राहिलो असतो, तर रोजचा ५० दिऱ्हम दंड चढला असता. त्याला 'ओव्हरस्टे' म्हणतात, हेही चाचांनीच सांगितलं. व्हिसा बदलून नोकरीचा करून घेता येतो हे खरं आहे, पण तो मालकाने काढायचा असतो आणि फुकटात राबणारा माणूस मिळाला असताना तो कशाला काढेल? चाचांनी मध्ये पडून पासपोर्ट सोडवला. गावाकडून पैसे मागवले आणि मुदतीच्या आत परत आलो.

आता उधना, दिंडोली, गोडादऱ्याची पोरं कागद घेऊन माझ्याकडे येतात. बरेच जण आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून आलेले असतात. त्या पुस्तकांत 'ॲट द एअरपोर्ट' नावाचा धडा असतोच. खिडकीजवळची सीट कशी मागायची, हॉटेलात चहा कसा सांगायचा. ते इंग्रजी पर्यटकाचं आहे. कामाला जाणाऱ्याने आधी कागदावरचं इंग्रजी शिकावं. विमानात चहा हिंदीत मागितला तरी मिळतो.

व्हिसावर 'व्हिजिट' किंवा 'टुरिस्ट' असेल तर तो नोकरीचा नाही, मग एजंट आईची शपथ घेवो. 'एम्प्लॉयमेंट' किंवा 'वर्क' हवं. 'आझाद' नावाचा प्रकार कुठल्याच देशाच्या कायद्यात नाही. निघण्याआधी 'ऑफर लेटर' हातात हवं. त्यात 'बेसिक सॅलरी' आणि 'अलाउन्स' वेगवेगळे लिहिलेले असतात, तेव्हा बेसिक किती ते बघा, कारण अमिरातीत सुटताना मिळणारी रक्कम, म्हणजे 'ग्रॅच्युइटी', बेसिकवरच धरतात. अमिरातीत हे पत्र इंग्रजी-अरबीसोबत कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही देतात आणि त्या भाषांच्या यादीत हिंदी आहे. हिंदी प्रत मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. तिथल्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, हेही माहीत असू द्या.

एजंटाला 'रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट'चा नंबर विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तो तपासा. नाव यादीत असून चालत नाही, पुढे 'ॲक्टिव्ह' लिहिलेलं हवं. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही आणि पावती द्यावीच लागते. ईसीआरवाल्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. ज्या एजंटाने हे नावच ऐकलेलं नाही, त्याच्याकडून उठून या.

पासपोर्टच्या अर्जात 'सरनेम'चा रकाना रिकामा ठेवू नका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं, त्यामुळे घोळ होतो आणि काहींचं सगळं नाव एकाच रकान्यात पडतं. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरात एकाच नावाच्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसाला प्रवेश देत नाही.

आणखी एक, खास खानदेशी मंडळींसाठी. आई-बहिणी पिशवीत काळा मसाला बांधून देतात. त्यात खसखस असेल तर ती काढून टाका. खसखस, म्हणजे त्यांच्या यादीतलं 'पॉपी सीड्स', अमिरातीत अफूच्या वर्गात धरतात आणि त्यासाठी लोक तुरुंगात गेलेत. गोळ्या-औषधं नेत असाल तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा.

ज्यांचं वय आणि घरची घडी बसते त्यांनी दहावी करून टाकावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी मराठीतूनही देता येते, ती पासपोर्टला चालते आणि ईसीआरचा शिक्का जातो. मी मशिन सांभाळून तीच केली. पण शिक्का गेला म्हणजे निर्धास्त झालो असं समजू नका. त्यानंतर मंजुरीची अट जाते आणि तिच्याबरोबर कागद तपासणारा सरकारी माणूसही जातो. आता सगळं आपल्यालाच वाचावं लागतं.

घरातली दहावीतली मुलगी इंग्रजी वाचते. एजंटाला पैसे द्यायच्या आधी कागद तिच्यापुढे ठेवा. तिथेही अडलं तर १८००११३०९० वर फोन करा. सरकारचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत.