घरमालकाचा गुलमोहर, भाडेकरूची गाडी

प्रश्न : आम्ही सावेडीत भाड्याने राहतो. गाडी घरमालकांच्याच आवारात, गुलमोहराखाली लावतो. वळवाच्या पावसात वाळकी फांदी पडून पुढची काच फुटली, टप चेपला. मालक म्हणतात, "गाडी स्वतःच्या जबाबदारीवर, असं करारात लिहिलंय." शेजारी म्हणतात, "आवार त्यांचं, भरपाईही त्यांनीच द्यायची." खरं कोणाचं?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पूर्णपणे कोणाचंच नाही. गाडी कोणाच्या जागेत उभी होती, हा इथे दुय्यम मुद्दा आहे. गाडी कोणाच्या ताब्यात होती आणि तिच्यावर जे पडलं ते कोणाच्या देखरेखीखाली होतं, हे आधी पाहावं लागतं.

शेजाऱ्यांचा गैरसमज सर्रास आढळतो. जागा देणं वेगळं आणि गाडी सांभाळायला घेणं वेगळं. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने आपल्या मारुती झेनची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं, कारण किल्लीबरोबर गाडीही हॉटेलच्या ताब्यात गेली होती. तुमची किल्ली तुमच्याच खिशात असते. त्यामुळे उद्या आवारातून गाडी चोरीला गेली किंवा कोणी ओरखडा काढला, तर मालकांकडे बोट दाखवणं कठीण.

फांदीचं तसं नाही. झाड मालकांचं, त्याची निगाही त्यांच्याकडे. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसं दगावली, तेव्हा दिल्लीच्या पालिकेचा बचाव टिकला नाही. मनोरा ऐंशी वर्षांचा, तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, आणि तपासणीचा पत्ता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये नोंदवलं. तो मनोरा रस्त्यालगतचा होता, म्हणून तो निकाल तुमच्या आवाराला जसाच्या तसा लागू होत नाही. पण जुन्या, धोकादायक वस्तूकडे मालकाने डोळेझाक करू नये, हे तत्त्व इथेही उपयोगी पडतं.

म्हणून खरा प्रश्न असा : फांदी वाळली आहे, हे मालकांना ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का? हिरवीगार फांदी वादळात मोडली, तर ती अस्मानी. दोष कोणाचाच नाही. वाळकी फांदी मात्र महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर लटकते. तुम्ही मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर तसं कळवलं असेल, तर तो संदेश जपून ठेवा. फांदी तोडायला महापालिकेची परवानगी लागते, अशी सबब मालक सांगतील; ती खरी आहे, पण त्यांनी अर्ज केला असेल तरच ती कामाची. आणि एक कडू गोष्ट : धोका दिसत असूनही तुम्ही तिथेच गाडी लावत राहिलात, म्हणून न्यायालय भरपाईत काटछाट करू शकतं.

करारातलं ते वाक्य मालकांच्या बाजूने वजन टाकतं, हे खरं. तरी उघड हलगर्जीपणावर ते पांघरूण घालेलच, असं मालकांनी गृहीत धरू नये.

आता मोह आवरा : भाड्यातून खर्च कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार मालक दुरुस्ती करत नसेल, तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम वळती करू शकतो. पण ही सोय घराच्या दुरुस्तीसाठी आहे, गाडीच्या काचेसाठी नाही. शिवाय तुमचा करार अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' असेल, तर कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे ती वाटही बंद. हलगर्जीपणाबद्दल दिवाणी दावा मात्र दोन्ही प्रकारांत करता येतो.

पोलिसांत जाऊन फारसं साधणार नाही; मुद्दाम केलेली नासधूस वेगळी आणि निष्काळजीपणा वेगळा. दिवाणी दाव्याआधी विम्याची पॉलिसी काढून बघा. नुसती सक्तीची 'थर्ड पार्टी' असेल, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. सर्वंकष पॉलिसी असेल, तर फांदी हलवण्याआधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी गॅरेजला सोडू नका. दावा घेतला की 'नो क्लेम बोनस' साधारणपणे जातो. काचेचा खर्च किरकोळ असेल, तर आधी तो हिशेब करा. आणि मालकांना सांगून ठेवा : पैसे दिल्यावर विमा कंपनी स्वतःच त्यांच्याकडे वसुलीला येऊ शकते.