परिचारिकेचे शिक्षण : घ्यावे की न घ्यावे?

पिंपळनेर व आसपासच्या पाड्यांतून अशा बहिणी आहेत की, ज्या दवाखान्यात मदतनीस म्हणून किंवा गावात आशा म्हणून काम करितात. हातचे काम न सोडता परिचारिका होता येईल काय, असे त्यांच्या मनात वारंवार येते. हा प्रश्न एका घरापुरता नाही. ज्या पाड्यात अपरात्री बाळंतीण अडते, त्या पाड्याचाही तो आहे. यास्तव आपण त्याचा क्रमाने विचार करू.

१. शिक्षण कोणते? गावात जिला आपण नर्सबाई म्हणतो, ती बहुधा सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, असते. तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे : अठरा महिने शिक्षण व सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव. प्रवेशास बारावी उत्तीर्ण असावे लागते व वय सतरा वर्षांहून कमी नसावे. आरोग्यसंवर्धन, प्राथमिक उपचार, बालकांची शुश्रूषा, प्रसूती व आरोग्यकेंद्राची व्यवस्था हे विषय तीत येतात. डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र असावे, असे सरकारी प्रमाण आहे. तेथील कामाचा भार मुख्यतः हिच्यावरच असतो.

२. नोकरी करीत ते घेता येईल काय? आम्ही स्पष्ट सांगतो की, पूर्ण वेळेची नोकरी व हे शिक्षण एकाच वेळी चालत नाही. वर्गाची हजेरी, वॉर्डातील पाळ्या, रात्रपाळी, हे सर्व तेथे राहूनच करावे लागते. घरबसल्या टपालाने परिचारिका होता येत नाही. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशी पाटी दिसली, तर फी भरण्यापूर्वी एवढेच विचारावे : या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले जाते काय? मान्यतेचा कागदही पाहावा. रुग्णसहायकाचे अल्प मुदतीचे शिक्षण हेही प्रामाणिक शिक्षण आहे. पण त्याने कोणी परिचारिका होत नाही.

येथे एक धोका सांगणे अवश्य आहे. मदतनीस बाईस पुष्कळदा सुई देण्यास किंवा सलाईन लावण्यास सांगतात. न शिकलेल्या हाताने रुग्णास अपाय झाला, तर दोष तिच्यावर येण्याचा संभव फार. "हे मला शिकविलेले नाही," असे म्हणण्यास तिने लाजू नये.

३. मग कामावर असता काय करता येईल? पुष्कळ करता येईल. ज्यांची बारावी राहिली आहे, त्यांनी सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने परीक्षेस बसावे. दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवावी. शेतकरी पेरणीपूर्वी बी, बैल व पाऊस यांचा अंदाज घेतो. तसा कागदावर हिशेब मांडावा. दोन वर्षांची बुडणारी मजुरी, फी, वसतिगृह, साक्रीमार्गे धुळ्यास जाणेयेणे, हे सर्व लिहावे. सरकारी संस्थेत फी कमी असते, म्हणून चौकशी तेथून आरंभावी. मुलांस कोण सांभाळील, हे सासूबाई व घरधनी यांच्याशी आधीच बोलून ठरवावे. मागाहून बोलल्याने घर दुखावते.

४. पूर्वीचे उदाहरण. मिरज येथे डॉक्टर वॉनलेस यांच्या रुग्णालयात १८९७ साली परिचारिकांची शाळा निघाली. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने स्त्रियांस ससून रुग्णालयात हे शिक्षण देवविले. त्या काळी परक्याची शुश्रूषा करणे कुलीन स्त्रीस शोभत नाही, असे पुष्कळ लोक मानीत. तो अडथळा आज बराच ओसरला आहे. आजचा अडथळा मुख्यतः पैशाचा व वेळेचा आहे, आणि तो घरच्यांच्या साहाय्याने हलका होतो.

पगाराकरिता हे काम पत्करण्यात काही गैर नाही. पण रक्त, दुर्गंधी व रात्रीचे जागरण ज्यांस सोसवत नाही, त्यांनी अगोदर काही दिवस आजाऱ्याजवळ राहून स्वतःस पारखावे. हिशेब जुळला व मन स्थिर राहिले, तर दोन वर्षे काम सोडण्यास भिऊ नये. न जुळल्यास एक वर्ष थांबावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

विचारासाठी प्रश्न : (१) आपल्या पाड्यास सर्वांत जवळचे उपकेंद्र किती दूर आहे? (२) एखादी बहीण शिकावयास गेली, तर तिच्या मुलांसाठी मंडळी काय करू शकेल?