तान नेमकी कुठून, किती वेगात

चि. मृण्मयी हिस,


क्लासमधली रेकॉर्डिंग तू फोनवर ऐकतेस आणि एकच तान पुन्हा ऐकायची झाली की अंगठ्याने ती रेघ मागे ओढत बसतेस, असं तुझ्या आईकडून कळलं. अंगठा कधी तानेच्या पाच सेकंद अलीकडे पडतो, कधी पाच सेकंद पलीकडे. यात अर्धा रियाज वाया जातो. कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर लिनक्स आहेच, तेव्हा यापुढे रियाजापुरतं ऐकणं टर्मिनलवरून, कमांड टाइप करून करावंस असा मामाचा सल्ला आहे. तिथे अल्बमची चित्रं नाहीत, गोल बटणं नाहीत. पण ‘दीड मिनिटापासून पुढची वीस सेकंदं वाजव, सत्तर टक्के वेगाने, दहा वेळा’ एवढं सगळं एका ओळीत सांगता येतं, आणि लॅपटॉप तेवढंच करतो. मधे जाहिरात लावत नाही, आणि ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून भलतंच गाणं पुढे करत नाही.

कमांड अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. या पत्रात त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

सुरुवात बहुतेक सगळे ‘एप्ले’ने करतात. आल्सा नावाच्या ध्वनिव्यवस्थेबरोबर येणारी ही कमांड बहुतेक लिनक्सवर आधीच असते. डब्ल्यूएव्ही फाइल ती बिनबोभाट वाजवते. त्या आनंदात माणूस पुढची एमपी३ फाइल तिच्यापुढे ठेवतो आणि हेडफोनमधून असा कर्कश खरखराट येतो की कान धरावेत. एप्लेला एमपी३ कळतच नाही, आणि गंमत म्हणजे ती तसं सांगतही नाही. अनोळखी फाइल म्हणजे कच्चे आकडे, असं धरून ती ते आकडे सेकंदाला ८,००० या वेगाने, ८ बिट, एका चॅनेलवर स्पीकरकडे पाठवत सुटते. १२८ केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साधारण ३८,४०,००० बाइट्सचं असतं. भागून पाहा, चार मिनिटांच्या गाण्याचा आठ मिनिटं खरखराट होतो. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटलेली असते, ‘रॉ डेटा, अनसाइन्ड ८ बिट, रेट ८००० हर्ट्झ, मोनो’. सगळा खुलासा त्या ओळीत असतो, पण कानावर हात ठेवलेला माणूस ती वाचत नाही. अशा वेळी कंट्रोल-सी दाबायचं. आणि अनोळखी फाइल पहिल्यांदा वाजवताना हेडफोन कानाला नाही, टेबलावर. ही सूचना समज किंवा दम समज.

आवाज साठवलेला असला तरी तो कोणत्या वेगाने सोडायचा हे सोबत सांगावं लागतं. १९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ही तबकडी कधी काळी कुणा परग्रहवासीयाच्या हाती लागली तर त्याने ती किती वेगाने फिरवावी? तबकडीच्या अॅल्युमिनियमच्या झाकणावर त्याचं उत्तर कोरलेलं आहे, एक फेरा ३.६ सेकंदांत. आता परग्रहावर ‘सेकंद’ कोण जाणणार! म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबात दिला आहे. तो बदल सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सुमारे सात दशांशात होतो. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या, दुसरं यान निघून तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला जो मथळा असतो, तो हेच काम करतो. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने ठरवलेल्या या प्रकारात सर्वांत साधा मथळा ४४ बाइट्सचा. चॅनेल किती, सेकंदाला नमुने किती, प्रत्येक नमुना किती बिटांचा, हे त्यात लिहिलेलं असतं. हा मथळा चुकला तर काय होतं? समज, रेकॉर्डिंग सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी झालं आणि मथळ्यात सीडीचा ४४,१०० हा आकडा पडला. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं सोळा सेकंद चालेल, आणि काळी तीनमध्ये गाणारी बाई पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मधल्या फटीत गाताना ऐकू येईल. ना या सुरात, ना त्या. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच तानपुरा उतरला.

म्हणून ऐकण्याआधी फाइल तपासायची सवय लाव. त्यासाठी ‘सॉक्स’ बसवून घे. लान्स नॉरस्कॉगने १९९१ साली सुरू केलेलं हे जुनं, फुकट आणि दणकट हत्यार आहे. त्याची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, अजून बहुतेक ठिकाणी तीच चालते. आज्ञावलीला रोज नवा अंगरखा लागतो असं मानणाऱ्यांनी याकडे पाहावं. सॉक्सबरोबर ‘सॉक्सआय’, ‘प्ले’ आणि ‘रेक’ अशा तीन कमांड आणखी मिळतात. सॉक्सआय आणि फाइलचं नाव दिलं की चॅनेल, नमुन्यांचा वेग, बिट, लांबी सगळं पुढ्यात येतं. तीन मिनिटं बारा सेकंदांच्या सीडी दर्जाच्या फाइलपुढे ती ८४,६७,२०० नमुने असंही लिहिते. १९२ सेकंदांना ४४,१०० ने गुण, तोच आकडा येईल.

डेबियन किंवा उबुंटूवर नुसतं सॉक्स बसवलं तर ते एमपी३ला नकार देतं, ‘नो हँडलर’ म्हणून. फाइल बिघडलेली नसते. एमपी३ वाचणारा भाग तिथे वेगळा बसवावा लागतो, ‘लिबसॉक्स-एफएमटी-एमपी३’ या नावाने. तो आठवणीने घे.

आता मुद्द्याची ओळ. प्ले, मग फाइलचं नाव, मग ट्रिम १:३० २०, मग टेम्पो ०.७, मग रिपीट ९. दीड मिनिटापासून वीस सेकंदांचा तुकडा कापला, सत्तर टक्के वेगावर आणला आणि आणखी नऊदा, म्हणजे एकूण दहा वेळा वाजवला. मधे दहाचे नऊ का झाले ते कळलं असेलच. सॉक्स रिपीट म्हणजे ‘पुन्हा’ किती वेळा हे मोजतं, पहिली खेप त्यात धरत नाही.

क्रम मात्र जप. सॉक्स ही ओळ डावीकडून उजवीकडे एकेक पायरी उतरत जातं. टेम्पो ०.५ आधी आणि ट्रिम नंतर लिहिलंस तर गाणं आधी दुप्पट लांब होईल, दीड मिनिटावरची तान तिसऱ्या मिनिटाला जाऊन बसेल आणि तुझ्या हाती आलापाचा भलताच तुकडा लागेल. आधी कापायचं, मग ताणायचं.

टेम्पो, स्पीड आणि पिच ही तिघं सख्खी वाटतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं. टेम्पो फक्त लय बदलतं, सूर तिथेच राहतो. पिच सूर हलवतं, लय तिथेच राहते. त्याचं माप सेंटमध्ये, शंभर सेंट म्हणजे पेटीची लगतची एक पट्टी. तुझ्या क्लासच्या बाईंचं रेकॉर्डिंग पांढरी चारमध्ये असेल आणि तुला काळी तीन सोयीची असेल तर पिच १०० दे. उलट जायचं तर उणे १००. त्यापेक्षा फार दूर नेऊ नकोस. चारशे-पाचशे सेंट हलवलेला गळा माणसाचा राहत नाही. स्पीड मात्र दोन्ही एकदम बदलतं, तबकडी हळू फिरवल्यावर व्हावं तसं. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांसाठी नेमकं तेच लागतं, कारण त्या काळातली सगळी मुद्रणं बरोबर अठ्ठ्याहत्तरला झालेली नाहीत. डिजिटल करताना वेग चुकल्याने गाणं चढं वाजत असेल तर स्पीड ०.९७ ने ते साधारण अर्ध्या पट्टीने खाली येतं. पट्टी ताडून बघायला स्वरही याच कमांडकडून घेता येतो. प्ले, उणे-एन, सिंथ ५ साइन २७७ असं लिही, पाच सेकंद काळी एक ऐकू येईल. कोरडी, बिनजव्हारीची, पण अचूक.

संथ वेगाच्या नादी लागू नकोस, हे मात्र मामा बजावून सांगतो. टेम्पो काही जादू करत नाही. ते आवाजाचे तुकडे पाडतं, ठरावीक माप ८२ मिलिसेकंद, आणि जिथे लाट लाटेशी जुळते तिथे ते एकमेकांवर चढवून जोडतं. सत्तर टक्क्यांपर्यंत हे खपून जातं. पन्नासवर आणलंस की तबल्याची एक थाप कधी कधी दोनदा पडते, आणि गमकेतला हेलकावा तर गायकाने घेतलाच नव्हता अशा आकाराचा होतो. तो घोटून बसलीस तर उद्या बाई विचारतील, हे कुठून शिकलीस? संथ वेगावर फक्त स्वरांचा क्रम लिहून घे. मग ०.७, ०.८५ आणि शेवटी टेम्पो काढूनच टाक.

प्रत्येक वेळी ओळ टाइप करायचा कंटाळा आला तर ‘एमपीव्ही’ आहे. तेही टर्मिनलवरच चालतं, पण वाजत असताना कळांना दाद देतं. चौकटी कंसाच्या डाव्या कळेने वेग कमी होतो, उजव्या कळेने वाढतो, आणि सूर आपोआप जागेवर राहतो. बॅकस्पेसने मूळ वेग परत. तानेच्या सुरुवातीला एल दाब, शेवटी पुन्हा एल दाब, मधला तुकडा फिरत राहील. तिसऱ्यांदा एल दाबलं की सुटका. पाऊण तासाचा दरबारी ऐकताना मधेच जेवायला बोलावलं तर शिफ्ट धरून क्यू दाब. पुढच्या वेळी तीच फाइल लावलीस की त्याच जागेपासून सुरू होते. तान शोधायला एमपीव्ही, घोटायला प्ले, अशी वाटणी मामाला बरी वाटते.

व्हॉट्सअॅपवर बाई जी बंदिश बोलून पाठवतात ती ओपस प्रकारातली असते, आयफोनच्या व्हॉइस मेमोतून आलेली एम४ए. दोन्ही एमपीव्ही विनातक्रार वाजवतं. सॉक्सकडे न्यायच्या तर आधी ‘एफएफएमपेग’ने डब्ल्यूएव्ही करून घे. एफएफएमपेग, उणे-आय, जुनं नाव, नवं नाव, संपलं.

फाइलींची नावं मराठीत ठेवायला काही हरकत नाही, फक्त दोन गोष्टी पाळ. ‘राग भैरवी’ या नावात मोकळी जागा आहे. अवतरणचिन्हांत घातलं नाहीस तर टर्मिनल ‘राग’ ही एक फाइल आणि ‘भैरवी’ ही दुसरी समजून दोन्ही सापडत नाहीत म्हणून तक्रार करतं. टॅब दाबून नाव पुरं करून घेतलंस तर हा प्रश्नच येत नाही. दुसरी गोष्ट लांबीची. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांत नाव बसवायचं. राग, ताल, गायिका, मैफलीचं गाव आणि तारीख असं सगळं एका नावात कोंबायची आपल्या घराण्याची खोड तिथे नडेल. आणि क्रमांक ०१, ०२ असे लिही, नाहीतर १ नंतर थेट १० वाजेल.

तुझ्या मावसभावाकडे मॅक आहे, त्याला ‘एएफप्ले’ आयतंच मिळालेलं आहे. विंडोजच्या पॉवरशेलमधूनही वाजवता येतं, पण तिथला साधा साउंडप्लेअर डब्ल्यूएव्हीपलीकडे जात नाही. सन कंपनीच्या जुन्या यंत्रांवर तर वेगळी कमांडच लागत नसे. फाइल ‘कॅट’ने उघडून थेट ध्वनियंत्राच्या नावावर ओतायची, सेकंदाला ८,००० बाइट, आणि आवाज यायचा. एप्लेला तो ८,००० चा आकडा अजून प्यारा आहे.

स्वतःचं गाणं नोंदवायला ‘रेक’. नाव देताना शेवटी एफएलएसी लिहिलंस की फाइल डब्ल्यूएव्हीपेक्षा बरीच लहान होते आणि आवाजातला एकही आकडा गळत नाही. डब्ल्यूएव्हीत एका चॅनेलचा, सीडी दर्जाचा तासभर रियाज ३१७ एमबी खातो, एवढं ध्यानात ठेव. बाईंच्या तालमीचं रेकॉर्डिंग करण्याआधी मात्र त्यांना विचार, आणि त्यांनी फक्त तुझ्यापुरती परवानगी दिली असेल तर ती फाइल मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नकोस. काही गुरू तालीम रेकॉर्ड करू देतच नाहीत. बाई नको म्हणाल्या तर वहीत नोटेशन लिही आणि घरी आल्याबरोबर, डोक्यात ताजं असताना, स्वतः गाऊन रेकने नोंदव.

आईला सांग, एमपी३चा तो भाग बसवायला तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड लागेल, व्हायरस नाही.

तुझा,
मामा