घरी आहे, मोकळी नाही

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होते. वाहनांचे सुटे भाग बनवायचो. मोठ्या ग्राहकाने ऑर्डर दुसरीकडे वळवली, एक लाइन बंद झाली आणि त्या लाइनवरच्या बाकीच्यांबरोबर माझंही नाव यादीत आलं. कंपनीची बस, पंचिंग, सकाळची प्रॉडक्शन मीटिंग, कॅन्टीनचं जेवण, सगळं एकदम थांबलं. पुढची नोकरी मिळेपर्यंत जे उमगलं ते लिहिते आहे, कारण ओळखीतलं कुणी ना कुणी अधूनमधून याच फेऱ्यात सापडतं आणि फोन करून विचारतं, "मॅडम, दिवसभर नेमकं करायचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर बाई आणि पुरुष यांच्यासाठी थोडं वेगळं आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली, चाल मंदावली, रस्त्यात थबकणं वाढलं. सकाळपासून काय केलं हे अनेकांना धड सांगता येईना. बायकांचं उलट झालं. पगार गेला, पण स्वयंपाक, मुलं, धुणं, शिवणटिपण होतंच. त्यांचा दिवस रिकामा झालाच नाही.

चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हेच घडलं. सासूबाईंच्या बोलण्यात कसलाही टोमणा नसायचा. "घरीच आहेस तर गॅसवाल्यासाठी थांब." "आहेसच तर बँकेतलं तेवढं करून ये." शेजारच्या काकूंचं कुरिअर आमच्याकडे यायला लागलं. लॅपटॉप उघडायला दुपारचे तीन व्हायचे आणि साडेतीनला शाळेची व्हॅन दारात. दिवसभर पायाला भिंगरी, पण नोकरी शोधण्याचं काम शून्य.

म्हणून पहिला सल्ला: वेळापत्रक कागदावर लिहिण्याआधी घरच्यांना सांगा. मी एका रात्री जेवताना विषय काढला. "आई, उद्यापासून दहा ते दीड मी ऑफिसात आहे असं समजा. कुणी आलं तरी हाक मारू नका." त्यांनी विचारलं, "आणि गॅसवाला आला तर?" म्हटलं, "मी चाकणला असताना कोण घ्यायचं?" त्या हसल्या आणि तिथून पुढे सिलिंडर त्यांनीच घेतला. घर लहान असेल, दार लावून बसायला खोली नसेल, तर जवळच्या अभ्यासिकेत जागा घ्या. घरातले कपडे बदलून बसा. आपल्याला काही वाटो न वाटो, घरच्यांना त्यातून कळतं की ही आत्ता कामावर आहे.

साडेतीन तास कमी वाटतील, पण ते सलग मिळाले तर पुष्कळ होतात. त्यात पोर्टलला सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास द्यायचा, जास्त नाही. नोकरीच्या संकेतस्थळांवर भरती करणाऱ्यांना उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता, त्याचा नोटिस पीरियड किती आहे, यावरून यादी चाळता येते. म्हणून रोज लॉगिन करा, लगेच रुजू होऊ शकत असाल तर तसं स्पष्ट लिहा आणि बाहेर पडा. दिसेल त्या जागेवर बटण दाबत बसलं की आकडा फुगतो आणि काम केल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा दोनच जागा निवडा आणि जाहिरातीत जे मागितलंय तेच काम बायोडेटात वर आणा. 'क्वालिटीचा अनुभव' एवढंच वाचून कुणी थांबत नाही. कुठला भाग, कुठला ग्राहक, रिजेक्शन कशामुळे येत होतं आणि ते कसं आटोक्यात आणलं, हे लिहिलं की समोरचा वाचतो.

अकरानंतर फोन. त्याआधी कारखान्यात कुणी फोन घ्यायच्या मनःस्थितीत नसतं, आदल्या दिवसाचा हिशेब चाललेला असतो. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी ऑफिसात फोन लावून उपयोग नाही, पण जुने सहकारी घरी असतात आणि चहाला भेटतात. आपल्या क्षेत्राचं घड्याळ आपल्याला ठाऊक असतं, दिवस त्यावर बेतावा.

फोन कुणाला करायचा, हा खरा मुद्दा. जवळच्या मैत्रिणींना आपल्याइतकंच माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. १९७३ साली त्याने या सैल ओळखींच्या ताकदीवर लेख लिहिला. कारखानदारीत अशी माणसं म्हणजे टूल पुरवणारे, गेज कॅलिब्रेट करणारे, पॅकेजिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले. ती महिन्यात कितीतरी गेट ओलांडतात.

त्यांच्याकडे नोकरी मागायची नाही, बातमी विचारायची. "सर, आमची लाइन बंद झाली. तुम्ही जाता त्यातल्या कुठल्या प्लांटला नवीन पार्ट सुरू होतोय का?" नवीन पार्ट आला की ग्राहकाच्या मंजुरीची कागदपत्रं आली, म्हणजे पीपॅप आलं, आणि त्यासाठी क्वालिटीची माणसं उत्पादन सुरू व्हायच्या आधीच लागतात. जाहिरात नंतर येते. माझी आत्ताची नोकरी कॅलिब्रेशन लॅबच्या एका गृहस्थांनी सांगितलेल्या अशाच बातमीतून मिळाली. त्यांच्याशी आमचं आधीचं बोलणं मायक्रोमीटरच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं.

प्रत्येक फोन वहीत लिहा: तारीख, कंपनी, कोण बोललं, काय ठरलं, पुन्हा कधी. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा, कारण "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्याला पुढचा आठवडा आठवत नाही, आपल्याला आठवावा लागतो. क्वालिटीत पहिल्याच दिवशी शिकवतात की तयार माल तपासून दर्जा येत नाही, तो प्रक्रियेत सांभाळावा लागतो. 'आज बोलावणं आलं का?' ही तयार मालाची तपासणी झाली. आज ठरवलेले फोन झाले का, ठरवलेले बायोडेटा गेले का, एवढंच आपल्या हातात असतं. दिवस चांगला की वाईट हे त्यावरूनच ठरवा.

दुपारनंतर कागदपत्रं आणि सराव. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शेवटच्या पगारस्लिपा पहिल्या आठवड्यातच हातात घ्या. ईपीएफओच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का तेही पाहा, नाहीतर पुढे पीएफ अडकतो. मुलाखतीची उत्तरं मोठ्याने म्हणून बघा. "आधीची नोकरी का सुटली?" याचं उत्तर दोन वाक्यांत, आवाज न चढवता आलं पाहिजे.

संध्याकाळी सात वाजता काम बंद. मला रात्री फोन आला होता, "सिलेक्शन झालंय, मेडिकल आणि युनिफॉर्मचे पैसे आजच भरा." सोबत नामांकित कंपनीचा लोगो असलेलं पत्र, पण पाठवणाऱ्याचा पत्ता साध्या जीमेलचा. दिवसभर नकार ऐकलेलं माणूस अशा वेळी चटकन विश्वास ठेवतं. सातनंतर काहीही ठरवायचं नाही हा नियम होता, म्हणून सकाळी बघू म्हटलं. सकाळी कंपनीत फोन लावला तर अशी जागाच नव्हती. नोकरी देणारा पैसे मागत नाही. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवा.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या, आणि घरखर्चाचा हिशेबही आठवड्यातून एकदाच करा. रोज बँकेतली शिल्लक पाहिल्याने ती वाढत नाही, उलट हातातला फोन जड होतो.

शेवटचं घरच्यांसाठी. तुमच्या घरी कुणी नोकरी शोधत असेल, तर रोज संध्याकाळी "काही झालं का?" विचारू नका. झालं तर सगळ्यांत आधी तुम्हालाच कळणार आहे. मदत करायचीच असेल, तर दहा ते दीडमध्ये भाजी आणायला दुसऱ्या कुणालातरी पाठवा.